मैत्रीभावना कशी करावी: चार ब्रह्मविहारांचा सराव

मैत्रीभावना करायला बसणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: वाक्यं म्हणतोय, पण आत काहीच वाटत नाही. काही वाटत नाही म्हणून थोड्याच दिवसांत सराव सुटतो. त्यामुळे सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मैत्री, म्हणजे पालीतली मेत्ता, ही समोरच्याचं भलं व्हावं अशी इच्छा आहे. छातीत ऊब वाटणं, डोळे भरून येणं हे त्या इच्छेमागून कधी येतं, कधी येत नाही, आणि ते आपल्या हातात नसतं. इच्छा करणं मात्र हातात असतं, एका बैठकीत शंभर वेळा करता येतं. सराव त्या इच्छेचा आहे.

बौद्ध परंपरेत मनाच्या चार गुणांना ब्रह्मविहार म्हणतात: मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं) आणि उपेक्खा (समतोल). सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, त्यांचा उल्लेख जागोजागी येतो. पण सुरुवात कोणापासून करायची, कोणाला टाळायचं, मध्येच राग उसळला तर काय करायचं, हे बारकावे एका ठिकाणी सापडतात ते आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’त. पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेल्या या ग्रंथाचा नववा परिच्छेद पूर्णपणे याच विषयाला दिलेला आहे. इथला क्रम त्यातलाच आहे. बैठकीची वेळ, वाक्यांचा वेग असे तपशील घरी सराव करणाऱ्याला झेपतील असे ठेवले आहेत.

बसण्याआधी

रोज २० ते ३० मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी. गजर लावून ठेवा, म्हणजे घड्याळाकडे डोळा जाणार नाही. मांडी घालून बसा किंवा खुर्चीवर; पाठ सरळ, खांदे सैल, पोट मोकळं. इतर काही ध्यानपद्धतींत दुखणं तटस्थपणे पाहायला शिकवतात. इथे मात्र शरीराला आराम असू द्या. गुडघा ठणकत असेल तर मन चिडचिडं होतं, आणि चिडलेल्या मनाने मैत्री करणं दुप्पट कष्टाचं होतं. पाय बदलावासा वाटला तर सावकाश बदला आणि पुढे चला.

पहिली दोन-तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या. त्यानंतर एक पायरी आहे, ती बहुतेक जण गाळतात: द्वेषातले दोष आणि क्षमेतले गुण आठवणं. गेल्या काही दिवसांतला एक प्रसंग घ्या. रागाच्या भरात आपण काय बोललो, ते बोलल्यावर जबडा कसा आवळला होता, जेवताना चव लागली का, रात्री तेच संभाषण मनात किती वेळा फिरलं. मग असा एखादा प्रसंग आठवा जिथे आपण सोडून दिलं आणि मन हलकं झालं. दोन मिनिटं पुरे. ज्या गोष्टीचा तोटा स्वतःला दिसलेला नाही ती सोडायला मन तयार होत नाही, म्हणून ही पायरी आधी येते.

आणखी एक गोष्ट बैठकीबाहेरची. दिवसभरात कोणाला फसवलं असेल, टाकून बोललं असेल, तर डोळे मिटल्यावर तेच समोर येतं. पंचशील हा या सरावाचा पाया आहे. तो डळमळीत असला की वरची वाक्यं पोकळ वाटतात, आणि त्यात वाक्यांचा काही दोष नसतो.

वाक्यं कशी म्हणायची

परंपरेतली चार वाक्यं मराठीत साधारण अशी: “माझ्या मनात वैर न राहो. माझ्या मनाला क्लेश न होवो. माझ्या शरीराला पीडा न होवो. माझं सगळं सुखाने चालो.” दुसऱ्या कोणासाठी म्हणताना त्या व्यक्तीशी थेट बोला: “सुखी राहा. सुरक्षित राहा. निरोगी राहा. निवांत जगा.” घरात ज्याला अरेतुरे करता त्याला इथेही तसंच म्हणा, अंतर ठेवून बोललं की इच्छाही औपचारिक होते. तीन-चार वाक्यं निवडा आणि काही आठवडे बदलू नका. रोज नवी, सुंदर वाक्यं शोधत बसलात तर लक्ष भाषेकडे वळतं.

वेग हा कळीचा मुद्दा आहे. एक वाक्य मनात म्हणा, मग एक-दोन श्वासांइतकं थांबा. या थांबण्यात वाक्याचा अर्थ उतरतो. “सुरक्षित राहा” म्हटल्यावर ती व्यक्ती निर्धास्त बसलेली डोळ्यांपुढे आली तर उत्तम. चित्र येत नसेल तर नुसतं तिच्या असण्याची जाणीव ठेवा. वाक्यं जपासारखी सलग धावू लागली, म्हणजे तोंडपाठ पाढा चालू आणि मन भलतीकडेच, तर संख्या कमी करा. पाच मिनिटं एकच वाक्य घ्या.

पहिली व्यक्ती: आपण स्वतः, मग उपकारकर्ता

सुरुवात स्वतःपासून करतात, पण तिचं कारण नीट समजून घ्या. स्वतःवर कितीही काळ मैत्री केली तरी त्यातून समाधी लागत नाही, असं विसुद्धिमग्ग स्पष्ट सांगतो. आपण इथे साक्षीदार म्हणून असतो: मला जसं सुख हवं, दुःख नको, तसंच ते बाकीच्यांनाही आहे. उदान या पाली ग्रंथात राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांचा प्रसंग आहे. दोघेही प्रामाणिकपणे कबूल करतात की स्वतःहून अधिक प्रिय आपल्याला कोणीच नाही. बुद्ध त्यांना दोष देत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा जीव असाच प्रिय असतो, म्हणून ज्याला आपलं हित हवं त्याने दुसऱ्याला इजा करू नये, एवढंच सांगतात. तेव्हा पाच मिनिटं स्वतःसाठी द्या आणि पुढे चला.

काहींना “मी सुखी राहो” म्हणताच आतून विरोध येतो, लाज वाटते, ‘माझी लायकी नाही’ असं वाटतं. त्यांनी हट्ट करू नये. सरळ दुसऱ्या व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि मन मऊ झालं की बैठकीच्या शेवटी दोन मिनिटं स्वतःकडे यावं.

ही दुसरी व्यक्ती निवडण्यात बहुतेक चुका होतात. जिच्याबद्दल आदर आहे, जिने आपलं काही चांगलं केलं आहे, जिचं नाव घेताच मनात कटकट येत नाही अशी व्यक्ती हवी: एखादे गुरुजी, एखादी मावशी, अडचणीत उभा राहिलेला सहकारी. टाळायच्या व्यक्ती या:

- अत्यंत जवळची, जिवाभावाची व्यक्ती. तिच्या जराशा दुःखानेही मन हलतं आणि मैत्रीच्या जागी काळजी सुरू होते.
- जिच्याबद्दल शारीरिक आकर्षण आहे किंवा होऊ शकेल अशी व्यक्ती. मैत्री बघता बघता आसक्तीत बदलते आणि साधकाला ते कळतही नाही.
- मृत व्यक्ती. विसुद्धिमग्गात एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्या आचार्यांवर मैत्री करत होता, पण काही केल्या ध्यान लागेना. आचार्य आधीच वारले होते. दिवंगत आईवडिलांविषयी कृतज्ञता जरूर ठेवा, पण या सरावाची व्यक्ती जिवंत असावी.
- जिच्याबद्दल काहीच वाटत नाही अशी व्यक्ती आणि वैरी. या दोघांची पाळी नंतर येते.

त्या व्यक्तीचा एखादा ठोस गुण किंवा प्रसंग आठवा. ‘त्या फार चांगल्या आहेत’ एवढ्याने भागत नाही. ‘परीक्षेच्या आदल्या रात्री त्या माझ्याजवळ जाग्या बसल्या होत्या’ असं काही हवं. गुण दिसणं हे मैत्री उगवण्याचं सगळ्यात जवळचं कारण आहे, म्हणून प्रसंग जितका नेमका तितकं काम सोपं. मग वाक्यं सुरू करा. एकच व्यक्ती किमान आठवडाभर धरा. एका बैठकीत पाच जणांकडे फिरणं आनंदाचं वाटतं, पण मन कुठेच मुरत नाही.

इथे मैत्री सहज वाहू लागली, म्हणजे ती व्यक्ती आठवताच वाक्याआधी इच्छा उभी राहू लागली, की जिवाभावाचा मित्र किंवा मैत्रीण घ्या. त्यानंतर तटस्थ व्यक्ती: रोज जिन्यात भेटणारी, जिचं नावही ठाऊक नाही अशी. ही पायरी सगळ्यात रुक्ष आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. इथे ना उपकार आहेत, ना गोडवा. नुसती इच्छा उरते. कंटाळा येणार हे धरून चला. तिलाही आज कशाची तरी धास्ती असेल, संध्याकाळी तीही कोणाची तरी वाट पाहत असेल, एवढं आठवलं की पुरतं.

वैरी आणि राग

पाचवी व्यक्ती वैरी. ज्याला खरोखर कोणी वैरी नाही त्याने ही पायरी ओढूनताणून करू नये, असंही परंपरा सांगते. असला तर सगळ्यात मोठ्या जखमेपासून सुरुवात करू नका. आधी किरकोळ त्रास देणारा माणूस घ्या: बोलणं मध्येच तोडणारा, श्रेय लाटणारा.

काय होतं ते असं: नाव आठवतं, दोन वाक्यं ठीक जातात, तिसऱ्याला दात आवळतात, आणि पुढच्या क्षणी आपण त्याला काय सुनवायला हवं होतं याची वाक्यं मनात रचली जात असतात. हे दिसलं की त्याच्यावर मैत्री लादू नका. प्रिय व्यक्तीकडे परत या, मन पुन्हा मऊ होऊ द्या, मग पुन्हा त्याच्याकडे जा. एका बैठकीत असं तीन-चार वेळा झालं तरी सराव नीट चालला आहे.

तरीही राग हटत नसेल तर विसुद्धिमग्ग एकामागून एक उपाय देतो. एक चालला नाही की दुसरा; सगळे एकदम करायचे नाहीत.

पहिला उपाय बुद्धवचनाचा. ककचूपम (करवतीच्या उपमेच्या) सुत्तात बुद्ध म्हणतात की दरोडेखोर दुहेरी मुठीच्या करवतीने अवयव कापत असले, तरी ज्याने त्या वेळी मन कलुषित केलं तो माझी शिकवण पाळणारा नव्हे. हा उपाय ज्याची श्रद्धा पक्की आहे त्यालाच मानवतो. इतरांच्या मनात त्यातून अपराधीपणा येतो, म्हणून तसं होऊ लागलं तर पुढे जा.

मग त्या माणसाचा एखादा चांगला भाग शोधायचा. कोणाचं वागणं नीट असतं पण बोलणं वाईट, कोणाचं बोलणं गोड पण कामात लबाडी. जो भाग बरा आहे तेवढाच पाहायचा, आणि काहीच सापडलं नाही तर या माणसाला पुढे किती भोगावं लागणार, असा विचार करून करुणा करायची. तिसरा उपाय स्वतःला समजावण्याचा: त्याने जे केलं ते त्याच्याकडे राहिलं, आता मनाला जी आग लागली आहे ती मी लावतो आहे. दुसऱ्याला मारायला पेटता निखारा उचलणाऱ्याचा आधी स्वतःचाच हात भाजतो. चौथा कर्माचा: तो त्याच्या कर्माचा धनी, मी माझ्या रागाचा. पाचवा विश्लेषणाचा: मी नेमका कशावर चिडलो आहे? केसांवर, नखांवर, हाडांवर, की त्याच्या मनात तेव्हा उठलेल्या आणि केव्हाच विरलेल्या एका विचारावर? जे विपश्यना करतात त्यांना हा फार उपयोगी पडतो.

शेवटचा उपाय बसून करायचा नाही. त्या माणसाला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून घ्या. एखादं पुस्तक, चहा, कामात थोडी मदत. दान न वळणाऱ्यालाही वळवतं, असं विसुद्धिमग्ग म्हणतो, आणि जिथे विचाराने काही हलत नाही तिथे हा उपाय अनेकदा चालतो. मात्र जिथे समोरच्यापासून खरोखर धोका आहे, मारहाण किंवा छळ आहे, तिथे भेटणं, देणंघेणं यातलं काही करू नये. त्या माणसाचं भलं चिंतणं आणि त्याच्यापासून दूर राहणं ही दोन्ही एकाच वेळी चालतात. मैत्री म्हणजे परवानगी नाही.

पुढची पायरी भेद मोडण्याची, सीमासंभेदाची. तिची कसोटी अशी: तुम्ही, तुमची प्रिय व्यक्ती, तटस्थ व्यक्ती आणि वैरी असे चौघे एकत्र बसला आहात. दरोडेखोर येऊन म्हणतात, ‘यातला एक जण बळी द्यायला द्या.’ ‘याला न्या’ असं वाटलं तर भेद मोडलेला नाही. ‘मला न्या, बाकीच्यांना सोडा’ असं वाटलं तरीही मोडलेला नाही. चौघांतल्या कोणालाच द्यावंसं वाटू नये. स्वतःचा बळी देण्याला थोरपणा मानणाऱ्यांनी या कसोटीवर जरा थांबावं.

करुणा, मुदिता, उपेक्खा

मैत्री रुळली की बाकीच्या तिन्हींची पद्धत तीच राहते, सुरुवातीची व्यक्ती बदलते.

करुणेची सुरुवात दुःखात असलेल्या व्यक्तीपासून. आजारी, कर्जात बुडालेली, घर तुटलेली. वाक्य एकच पुरतं: “या दुःखातून तुमची सुटका होवो.” इच्छेचा रोख सुटकेकडे ठेवा. दुःखाच्या तपशिलात उतरलात की करुणेचं शोकात रूपांतर होतं. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक जवळचा शत्रू आणि एक दूरचा शत्रू असतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, आणि तो करुणेसारखाच दिसतो. फरक बैठकीनंतर कळतो: करुणेनंतर मन स्थिर असतं आणि मदतीला हात पुढे येतो, शोकानंतर गळून गेल्यासारखं होतं, त्या माणसाचा फोन घ्यावासा वाटत नाही. रुग्णसेवा करणाऱ्यांनी, वृद्धांची देखभाल करणाऱ्यांनी हे विशेष तपासावं. गळाठा जाणवला तर करुणा थांबवून आठवडाभर मैत्री करा.

मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष आणि जवळचा आसक्ती. ‘तू सुखी राहा, पण माझ्याजवळ’ असा सूर लागला की आसक्ती शिरली.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं. चौघींत हिलाच सगळ्यात कमी वेळ मिळतो. सुरुवात अशा जिवलग मित्रापासून करा जो मुळात आनंदी, हसतमुख आहे आणि ज्याचं सध्या बरं चाललं आहे. वाक्य: “तुम्हाला मिळालेलं सुख तुमच्यापासून न जावो.” दुसऱ्याच्या बढतीची, घराची, मुलांच्या यशाची बातमी ऐकताच मनात जो बारीकसा चिमटा बसतो, तो आला की दडपू नका. ‘हेवा आला’ अशी नोंद करा आणि वाक्य पुन्हा म्हणा. बरोबरीच्या, त्याच क्षेत्रातल्या माणसाचं यश सगळ्यात जड जातं. त्याला शेवटी ठेवा. मुदितेचा जवळचा शत्रू म्हणजे नुसता उत्साह, जो आपलाही त्यात वाटा आहे म्हणून येतो. आपल्या मुलाच्या बक्षिसाचा आनंद आणि शेजारच्या मुलाच्या बक्षिसाचा आनंद शेजारी ठेवून पाहिले की हा फरक लगेच समजतो.

उपेक्खा म्हणजे समतोल. ती तटस्थ व्यक्तीपासून सुरू होते आणि आधीच्या तीन पक्क्या झाल्यावरच करायची. वाक्य: “तुमचं सुखदुःख तुमच्या कर्मावर आहे, माझ्या इच्छेवर नाही.” आधीच्या तिन्हींशिवाय हे म्हटलं तर बेफिकिरी येते, आणि तोच तिचा जवळचा शत्रू. दूरचे शत्रू दोन: ओढ आणि तिटकारा. जिथे आपण शक्य ते सगळं केलं आहे आणि आता काही हातात नाही, मग ते आजारपण असो वा व्यसनात अडकलेला भाऊ, तिथे या वाक्याचा आधार कळतो. एकाग्रतेच्या एकाहून एक खोल अशा चार अवस्थांना ध्यानं म्हणतात; विसुद्धिमग्गाच्या मते पहिल्या तिन्हींनी तिसऱ्या ध्यानापर्यंत जाता येतं आणि चौथं ध्यान फक्त उपेक्खेने लागतं. तिचा नंबर शेवटी असण्याचं तेही एक कारण.

काय बिघडतं

झोप येते. संध्याकाळच्या बैठकीत वाक्यं मऊ आणि एकसुरी झाली की हमखास. डोळे उघडा, उभे राहून करा किंवा चालत करा; करणीय मेत्त सुत्तात उभं राहताना, चालताना, बसताना आणि पडून असतानाही मैत्रीची ही जाणीव ठेवायला सांगितली आहे.

रडू येतं. येऊ द्या. पण जुन्या आघाताची दृश्यं येऊ लागली, श्वास अडकू लागला, तर वाक्यं थांबवा, डोळे उघडा, पावलं जमिनीला टेकलेली जाणवू द्या. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर जाणत्या शिक्षकाशी आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोला.

सगळं कोरडं वाटतं. कधी दहा दिवस, कधी महिना. व्यक्ती बदलू नका, वाक्यं बदलू नका, गुण आठवण्याला मात्र एक-दोन मिनिटं जास्त द्या. फरक बहुधा बैठकीबाहेर आधी दिसतो: राग तसाच येतो, पण आल्याचं लवकर कळतं आणि तोंडातून निघण्याआधी एखादा क्षण सापडतो. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहात मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यातले पहिले तीन झोपेचे आहेत: सुखाने झोप लागणं, सुखाने जाग येणं, वाईट स्वप्नं न पडणं. प्रगती मोजायचीच असेल तर याच तिन्हींकडे पाहा.

पसरवणं

भेद मोडू लागला की मैत्री जागेच्या हिशेबाने वाढवायची. आधी आपलं घर, मग शेजारचं, मग गल्ली, मग गाव, एक दिशा, दुसरी, तिसरी, चौथी, वर, खाली. ‘सर्व प्राणी सुखी होवोत’ यावर एका उडीत पोचू नका. माणसं डोळ्यांपुढे नसली की वाक्य हवेत राहतं. पटिसंभिदामग्ग या पाली ग्रंथात याचा हिशेब आहे. सर्व प्राण्यांना पाहण्याचे पाच प्रकार आणि स्त्रिया, पुरुष, आर्य (ज्यांना सत्याचं दर्शन झालं आहे असे), अनार्य, देव, मनुष्य, दुर्गतीत पडलेले असे सात विभाग, एकूण १२. प्रत्येकावर चार वाक्यं म्हणजे ४८, आणि तीच दहा दिशांना लावली की ४८०. एकूण ५२८. सगळं एका बैठकीत करण्याची गरज नाही. एक दिशा, एक विभाग, चार वाक्यं, एवढं रोजच्या बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत बसतं.